‘नका’ शेवटी येतं

पाण्याचा घोट घेण्याआधीसुद्धा परुळेकर बाई दाराची कडी बघायच्या. कडी लागलेलीच असायची. तरी उठायच्या, दोनदा हलवून बघायच्या, परत यायला वळायच्या आणि अर्ध्यातून मागे जाऊन तिसऱ्यांदा हलवायच्या. मग पाणी. आमच्या चाळीतल्या बायका भीत नव्हत्या असं नाही, पण कुणी तसं बोलून दाखवत नसे. बाई मात्र सरळ सांगायच्या, "मला भीती वाटते हो." आज भेंडी चांगली मिळाली, असं सांगावं तशा आवाजात.

विक्रोळीला हायवेपासून थोडं आत आमची चाळ. वरच्या मजल्यावर एका ओळीत सहा खोल्या. जिना चढून आलं की पहिली आमची, आमच्या भिंतीला भिंत लागून दिनकरची, आणि पार शेवटची बाईंची. बाई एकट्या राहायच्या. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही. अंगाने काटकुळ्या, जाड काचांचा चष्मा, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि साडीखाली कंपनीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. नखांच्या कडांना लाल रंग कायमचा बसलेला. त्या गॅलरीतून गेल्या की मागे टर्पेंटाइनचा वास राहायचा.

जवळच्या एका कंपनीत त्या रंगखात्यात होत्या. काम एकच, धोक्याचे बोर्ड लिहायचे. येथे विडी ओढू नये. तारेस हात लावू नये. पोरं त्यांना मागून ‘डेंजर बाई’ म्हणायची. ते त्यांना माहीत होतं. त्या म्हणायच्या, "म्हणू दे. ज्याला भीती वाटत नाही त्याने धोक्याचे बोर्ड लिहूच नयेत. कंपनीने मला उगाच नाही ठेवलेली."

आणि खरंच त्यांना सगळ्याची भीती होती. कुकरच्या शिट्टीची, पालीची, उघड्या विजेच्या बटणाची. हायवे ओलांडायचा झाला तर शेजारी जो कोण उभा असेल त्याचं कोपर धरायच्या, ओळख असो नसो. घाबरल्या की त्यांची शहरातली भाषा गळून पडायची आणि मालवणी वर यायची. "आये गो!" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, बाईंना पाल दिसली. माझ्या मुलीच्या, वंदनाच्या शाळेतल्या वर्गातला सतीश मुद्दाम ओरडायचा, "बाई, पाल!" त्या दचकायच्या, मग स्वतःच हसायच्या. "मेल्या, एक दिवस खरी पाल येईल आणि मी हलणार नाही. मग बघ."

मुलांचा वर्ग कसा सुरू झाला ते सांगते. एका वर्षी गणपतीच्या मंडळाने त्यांना आरासीसाठी बोर्ड लिहायला सांगितलं. पाणी उकळून प्या, मुलीला शाळेत पाठवा, असले. बाई म्हणाल्या, "मी नाही लिहिणार. मुलांना पाठवा, त्यांना शिकवते." गणपती गेले तरी मुलं दर रविवारी सकाळी जातच राहिली. सात-आठ जण असतील, आठवी-नववी-दहावीतले. वंदना तेव्हा नववीत होती. चित्रं सगळ्यांनाच काढता यायची. बाईंनी पहिल्या दिवशी कुणाच्या हातात ब्रश दिला नाही. म्हणाल्या, "जा, चाळीत फिरून या. कुठे भीती वाटते ते बघून या."

मुलं हसली. सतीश म्हणाला, "आपल्याला कशाची भीती नाय वाटत, बाई."

"मग तू घरी जा रे. तुझा इथे उपयोग नाही."

तो गेला नाही. दारात उभा राहिला. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "संडासाच्या मागे गटार उघडं आहे. तिकडून जाताना वाटते जरा."

"बस खाली," बाई म्हणाल्या, आणि पहिला ब्रश त्याला दिला.

त्याने पहिलं चित्र काढलं ते कवटीचं. दातांतून रक्त वगैरे. मुलं म्हणाली, झकास. बाईंनी ते भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. "हे बघून माणूस डोळे मिटेल. मिटल्या डोळ्यांनी बोर्ड कसा वाचणार? भीती घालायची नाही रे, भीती कुठे आहे तेवढं दाखवायचं." मग त्यांनी त्याच्याकडून नुसतं गटार काढून घेतलं आणि काठावर एक छोटी चप्पल. एकच. पुढच्या आठवड्यात कुणीतरी गटारावर फरशी टाकली.

माझी आणि बाईंची ओळख झाली ती माझ्या कमी शिक्षणामुळे. मी चौथी शिकलेली. अक्षर लावून वाचते, ओठ हलतात, मोठं वाक्य असलं की बोट लागतं. लोकांसमोर मी वाचत नसे. एका रविवारी बाई दारात आल्या. "वंदनाची आई, तुमचं शिक्षण किती?"

मी पदराशी चाळा करत म्हटलं, "चौथी."

"मग तुम्हीच हव्यात."

आमच्या मजल्यावर एक बी. ए. झालेले कारकून राहत. मुलांनी आधी बोर्ड त्यांना दाखवले होते. ते बघता बघता सगळं वाचून टाकायचे. बाईंना ते नको होतं. "शिकलेला माणूस अर्धं वाचतो नि अर्धं मनाने भरतो. तुम्ही लिहिलंय तेच वाचता."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. मुलं बाईंच्या दारात बोर्ड धरून उभी राहायची, मी माझ्या दारात, मध्ये चार खोल्यांचं अंतर. बाई हात खाली सोडून बोटांवर तीन मोजायच्या. तेवढ्यात मला जे वाचता येईल ते मी मोठ्याने बोलायचं. सुरुवातीला माझा आवाज माझ्या दाराबाहेर जात नसे. माझं वाचन चुकलं तर बाई मला कधी काही म्हणाल्या नाहीत. मुलांकडे वळून म्हणायच्या, "चुकलं कुणाचं? तुमचं."

एकदा मी वाचलं, "गटारात कचरा टाकू."

मुलं खाली बसून हसायला लागली. वंदना ओरडली, "आई, पुढे बघ ना!" पुढे कोपऱ्यात बारीक ‘नका’ होतं. जागा संपली म्हणून दाबून बसवलेलं. मला ते दिसलंच नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मुलांना आत बसवलं, मलाही बसवलं, कडी लावली, तीनदा हलवली आणि मग बोलल्या. "आपल्या भाषेत ‘नका’ शेवटी येतं. कळतंय का? हात घालू नका. सगळं आधी सांगून होतं, हात, घालू, आणि मग नका. तोवर माणूस पुढे गेलेला असतो." मग त्यांनी कंपनीतली गोष्ट सांगितली. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. प्रेसच्या मशीनचा बोर्ड होता, मशीन चालू असताना आत हात घालू नये. अक्षरं सुंदर काढायच्या नादात जागा संपली. ‘नये’ कडेला बारीक बसवलं, आणि बोर्ड लावणाऱ्याने नेमका तिथेच स्क्रू मारला. महिन्याभरात एका नव्या हेल्परची दोन बोटं गेली.

"त्याने बोर्ड वाचून हात घातला?" सतीशने विचारलं.

"माहीत नाही. वाचला की न वाचताच घातला, कुणी विचारलं नाही. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण बोर्ड चुकलेला होता रे."

त्या दिवसापासून बाई कुठलाही बोर्ड शेवटून लिहायच्या. आधी उजवीकडच्या टोकाला ‘नये’ किंवा ‘नका’, ठसठशीत, आणि मग उरलेल्या जागेत बाकीचं वाक्य. मुलांनाही तशीच सवय लावली. बघणाऱ्याला गंमत वाटायची. कोऱ्या कागदावर नुसतं एक ‘नका’ उभं, आणि त्याच्या मागचं सगळं अजून यायचं.

त्याच वर्षी दिवाळीच्या थोडं आधी दिनकरची बायको गेली. सुलभा तिचं नाव. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. शांत मुलगी, नळावर भेटली की माझी बादली आधी लावायची. दुपारची वेळ होती. चाळीत सगळे एकच वाक्य बोलत होते, स्टोव्ह भडकला. पोलीस आले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही शेजारच्या, तुम्ही काय ऐकलं? मी सांगितलं, मी खाली नळावर होते.

मी नळावर नव्हते. घरातच तांदूळ निवडत बसले होते.

पोलीस गेल्यावर दिनकरचा थोरला भाऊ आला. तो घाटकोपरला राहायचा. त्याच्याविषयी लोक हळू आवाजात बोलत. तो प्रत्येक दारात थांबत थांबत माझ्या दारात आला. अगदी गोड बोलला. "काय वहिनी, काय विचारलं पोलिसांनी? बरं, बरं. तुमची वंदना कितवीत आता? नववीत का? एकटीच जाते ना शाळेत?"

आमचे हे मरोळला वॉचमन होते. गिरणी बंद पडल्यावर मोठ्या मिनतवारीने मिळालेलं काम. रात्रपाळी करून आले तेव्हा त्यांना पोलिसांचं आणि या भावाचं सांगितलं. ते म्हणाले, "तू नळावर होतीस म्हणालीस ना? मग नळावरच होतीस."

दोन-तीन महिने गेले. मुलांच्या वर्गात नवा बोर्ड झाला. मला नेहमीसारखं दारात बोलावलं. मुलांनी पलीकडून कागद धरला. पिवळा रंग, पेटलेला स्टोव्ह, आणि ठळक अक्षरं. ‘स्टोव्ह पेटवताना पदर सांभाळा’. मुलांचा हेतू चांगला होता. सुलभावहिनीसारखं परत कुणाचं होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःहून केला होता.

शेजारच्या दारात दिनकरची आई लसूण सोलत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "काय लिवलंय रे?" सतीशने वाचून दाखवलं. ती मान हलवत म्हणाली, "छान केलंत पोरांनो. सांगायलाच पाहिजे. बायका लक्ष देत नाहीत."

बाईंची तीन बोटं मोजून झाली. मी उभीच. मुलं म्हणाली, "काकी, वाचा ना." माझं तोंड उघडेना.

बाई चार खोल्या ओलांडून माझ्यापाशी आल्या. चष्म्यातून बघत हळूच म्हणाल्या, "वाचता येत नाही, की वाचवत नाही?"

मी दार लावून घेतलं.

दुपारी मुलं गेल्यावर त्या आल्या. आत येऊन माझ्या दाराची कडी लावली, हलवली. जमिनीवर बसल्या. मला काही विचारलं नाही. मग मीच बोलले. का बोलले ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक मला वाटलं, ही माझ्यासारखीच भित्री आहे, ही कुणाला सांगणार नाही. मी सांगितलं, त्या दुपारी भिंतीपलीकडून सुलभाचा आवाज आला. ती ‘नका’ म्हणत होती. चार-पाच वेळा. मग भांडं पडल्याचा आवाज, आणि मग ओरडणं.

बाईंनी विचारलं, "‘नको’ म्हणाली, का ‘नका’?"

मला राग आला. एक बाई जळाली आणि ही मात्रा बघते आहे.

"नीट आठवा, वंदनाची आई. एका मात्रेचा फरक आहे. ‘नको’ माणूस देवालाही म्हणतो. आगीलाही म्हणेल, भिऊन. ‘नका’ समोर कुणी असल्याशिवाय म्हणत नाही."

मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. ऐकायला मिटायचीही गरज नव्हती, तो आवाज रोजच येत होता. "नका," मी म्हटलं. "नका ना, नका, असं."

"म्हणजे मोठं माणूस होतं समोर. एक असेल, दोन असतील." असं बोलल्या आणि उठून परत कडी हलवून आल्या. "आये गो," त्या म्हणाल्या, "माका कित्याक सांगितलंत ह्यां? माझ्याने हे नाही व्हायचं हो. मी पोलिसात नाही जाणार. मी एकटी राहते." मी म्हटलं, जाऊ नका. मला पोर आहे. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींना नका नका म्हणत बसलो होतो. जाताना त्यांनी माझी कडी बाहेरून ओढून बघितली.

त्यानंतर दोन रविवार वर्ग झाला नाही. दारावर चिठ्ठी होती, ‘आज वर्ग नाही’. त्यातलं ‘नाही’ बाकीच्यापेक्षा मोठं.

तेवढ्यात चाळीत बातमी आली की दिनकरचं पुन्हा जमतंय. मुलगी गावाकडची, बिनआईची. येत्या रविवारी मुलीचा बाप आणि दोन माणसं घर बघायला येणार. दिनकरच्या आईने गॅलरी धुवायला काढली. मी माझ्या खोलीत बसून त्या पाण्याचा आवाज ऐकत होते आणि मला दुसराच आवाज ऐकू येत होता.

त्या रविवारी सकाळी वंदना धावत आली. "आई, खळ दे. बाईंनी बोलावलंय सगळ्यांना." कागद चिकटवायला लागणारी मैद्याची खळ मीच करून द्यायचे. मी स्टोव्ह पेटवला. स्टोव्हची पिन दोनदा हातातून पडली. खळ हलवत राहिले, हलवत राहिले, फार घट्ट झाली.

आत काय झालं ते वंदनाने नंतर सांगितलं. बाईंनी तिच्याकडून कागदावर एक स्टोव्ह काढून घेतला. पेटलेला नाही, बंद. ज्वाळा नाही, बाई नाही, पदर नाही. मग स्वतः ब्रश घेतला. नेहमीसारखं शेवटून सुरू केलं आणि ‘नका’ लिहिलं, पण इतकं मोठं की अर्ध्याहून जास्त कागद त्यातच गेला. लिहून त्या थांबल्या. ब्रशवरून रंगाचे थेंब जमिनीवर पडत राहिले.

सतीश म्हणाला, "बाई, आधीचं काय लिहायचं?"

"सुचत नाही."

"मग?"

"राहू दे तसंच." ब्रश धुवायला घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. लावा असं त्या म्हणाल्या नाहीत. लावू नका असंही म्हणाल्या नाहीत. मुलांनी कागद उचलला आणि जिन्याच्या तोंडाशी, माझ्या दारासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

थोड्या वेळाने बाई आल्या. भिंतीजवळ गेल्या, एक कोपरा नखाने ओढून बघितला. निघाला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वंदनाची आई, खळ घट्ट झाली." आणि आपल्या खोलीकडे गेल्या.

दिनकरची आई आली. तिने चित्रातला स्टोव्ह बघितला. "लावलात का पदराचा? बरं केलंत. पाव्हणे बघतील, चाळ शिकलेली आहे."

अकराच्या सुमाराला माणसं आली. दिनकर पुढे होता. पण तो उलटा चालत होता, पाहुण्यांना सांगत, "सांभाळून, वरची पायरी तुटलीय." त्यामुळे भिंत त्याच्या पाठीशी गेली. दोन माणसं त्याच्या मागोमाग आत शिरली. मुलीचा बाप मागे राहिला होता. म्हातारा, धोतर, हातात छत्री. जिना चढून दम लागला होता. माझ्या दाराशी टेकून म्हणाला, "बाय, वाईच पाणी गावात काय?"

मी तांब्या-भांडं दिलं. तो पाणी पिता पिता भिंतीकडे बघायला लागला. भांडं खाली केलं आणि बोट वर केलं. माझ्यासारखंच. बोट अक्षरांवरून फिरवत, ओठ हलवत त्याने वाचलं, "न... का. नका." पुढे बघितलं, मागे बघितलं. "ह्यां काय गो? बाकीचां खंय गेलां? काय नका?"

गॅलरीच्या त्या टोकाला बाई दारात उभ्या होत्या. एक हात कडीवर. दुसरा हात खाली, आणि त्याची बोटं एकेक करून मिटत होती. कुणी बोर्ड वाचायला लागलं की त्या मोजायच्याच. त्यांना ते कळतही नसेल. एक. दोन.

मी म्हटलं, "ती म्हणत होती. आधीची."

म्हातारा माझ्याकडे वळला. "कोणाक?"

मी नुसतं शेजारच्या दाराकडे बघितलं. तिथून दिनकरच्या आईचा आवाज येत होता, "व्याही कुठे राहिले?"

त्याने भांडं माझ्या हातात दिलं. उरलेलं पाणी त्याने प्यायलं नव्हतं. तो आत गेला. पाव तासाने तिघेही बाहेर आले. मागून दिनकर म्हणत होता, "अहो, चहा तरी घ्या." म्हातारा छत्री टेकत जिना उतरला. माझ्या दारावरून गेला पण माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणून मी वाचले.

दिवेलागणीला थोरला भाऊ आला. त्याने कागदाला हात घातला आणि ओढला. ‘न’ निघाला, ‘का’ निघेना. नखांनी खरवडलं तरी निघेना. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "कुणी लिहिलं हे?"

सगळे दारांत उभे. मुलं एका बाजूला. वंदनाच्या बोटांना काळा रंग होता. मी तिचा हात पदराखाली घेतला आणि धरून ठेवला. तिची बोटं माझ्या मुठीत गार पडली होती. त्याची नजर मुलांवरून फिरत फिरत आमच्याकडे यायला लागली.

तेव्हा गॅलरीच्या टोकाला कडी वाजली. एकदाच. बाई बाहेर आल्या. चालताना भिंतीला हात लावत होत्या. "आये गो," असं पुटपुटल्या आणि मग म्हणाल्या, "मी लिहिलं. अक्षर माझं आहे. कंपनीत जाऊन बघ, भिंतीभिंतीवर आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण कशाला सांगेल? मी बोर्डवाली बाई. मला सगळीकडे धोकाच दिसतो."

तो हसला. त्यांच्या खोलीत गेला, रंगाचे डबे लाथेने उडवले. टर्पेंटाइनची बाटली उचलली, झाकण काढलं आणि त्यांच्या उंबऱ्यावर ओतली. सावकाश, रांगोळी काढावी तशी. मग खिशातून काड्यापेटी काढली. ती कानाशी धरून वाजवली. "स्टोव्ह तुझ्याकडे पण असेल ना?" असं म्हणाला. काड्यापेटी परत खिशात ठेवली आणि गेला.

चाळीतलं कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी सांगायला हवं होतं की म्हाताऱ्याला मी सांगितलं. माझ्या मुठीत वंदनाचा हात होता. बाईंनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, त्याने त्यांची नजर धरून माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. हे मला नंतर पुष्कळ दिवसांनी समजलं.

आठ दिवसांत त्यांनी खोली सोडली. मुलुंडला मावसबहिणीकडे जाणार म्हणे. मुलांनी सामान खाली नेलं. वंदना रडून घेत होती. मी दार लोटून आतल्या आत उभी होते. गॅलरीत त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला, माझ्या दाराशी थांबला. मला वाटलं, हाक मारतील. मग कडी हलली. दोनदा. पावलं जिन्याकडे गेली. दोन पायऱ्या उतरली असतील. परत आली आणि कडी तिसऱ्यांदा हलली.

दिनकरचं लग्न त्या वर्षी झालं नाही. पुढे त्याची माणसं खोली सोडून कुठेतरी गेली. कुठे, आणि तिथे आता कुणाची मुलगी आहे, मला माहीत नाही. ती भीती माझ्याकडेच राहिली आहे. भिंतीवरचा ‘का’ पुढचा चुना लागेपर्यंत तसाच होता. येता-जाता माणसं तेवढंच वाचायची.

बाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या, दीड-एक वर्षाने. वंदनाला कॉलेजात घालायचं होतं, म्हणून आम्ही दोघी बसने मुलुंडला चाललो होतो. हायवेवर बस थांबली. बाजूला एका कारखान्याची लांबच लांब पांढरी भिंत. शिडीवर पाठमोऱ्या बाई, साडीखाली पांढरे बूट, अंबाड्यात पेन्सिल. शिडी खाली एका माणसाला धरायला लावलेली होती, दोन्ही हातांनी. भिंतीच्या अगदी उजव्या टोकाला त्यांनी ‘नका’ लिहिलं होतं आणि अलीकडची सगळी भिंत कोरी होती.

वंदनाला दिसल्या नव्हत्या, ती फॉर्म वाचत होती. मी खिडकीतून बोट बाहेर काढलं आणि वाचलं. मोठ्याने वाचलं. पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळून बघायला लागली.

"आई, काय गं?" वंदना म्हणाली.

बस सुटली होती. तीन मोजायच्या आत वाचून झालं होतं माझं.